चाकातील घरघर

आमच्या घरी मोटार आहे असे कोणास सांगितले म्हणजे ऐकणारा प्रथम अभिनंदन करतो. परंतु ती कोणती हे कळताच त्याच्या चर्येवर अभिनंदनाच्या जागी सांत्वनाचा भाव उमटतो. ही मोटार म्हणजे सन 1996 मध्ये आमच्या थोरल्या बंधूंनी घेतलेली पद्मिनी. अंबरनाथच्या एका कारखान्यात सारी उमर काढून ते निवृत्त झाले, आणि हाती आलेल्या पुंजीतून त्यांनी आयुष्यात केलेली ही एकमेव चैन. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी सन 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट गाडीच्या नमुन्यावरून ही गाडी होत असे, आणि सन 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी त्या याच. त्यांतील अखेरची टॅक्सीसुद्धा सन 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उठली. दादांना जाऊनही आता बराच काळ लोटला. गाडी मात्र बदलापुरास आमच्या अंगणात उभी आहे.

आम्ही पुढे सांगणार ती हकीकत सन 2019 च्या दिवाळीनंतरची. आमच्या वहिनींस त्या वर्षी सहस्रचंद्रदर्शनाचा योग आला होता. आम्ही भावंडांतले शेंडेफळ. वहिनी या घरात आल्या तेव्हा आम्ही पाळण्यात होतो, आणि आम्ही रांगू लागलो त्या दिवसापासून त्या आम्हास 'भावोजी' म्हणतात. त्यांनी आजवर आमच्यापाशी कधी काही मागितले असेल असे स्मरत नाही. या खेपेस मात्र त्या म्हणाल्या, "गुहागरला व्याडेश्वराच्या पायांवर डोकं ठेवून यावं म्हणते. आणि जायचं तर यांच्या गाडीनं."

यांच्या गाडीने! पुतण्याच्या कपाळास आठ्या पडल्या. तो वयाने आमच्याहून आठच वर्षांनी लहान, स्वभावाने व्यवहारी. कर्जत, खोपोली, पाली, तेथून महाड, पोलादपूर, पुढे कशेडीचा घाट, खेड, चिपळूण आणि मग गुहागर, एवढी मजल तेवीस वर्षांच्या गाडीने मारावयाची, हे त्यास मानवेना. पण आईच्या शब्दापुढे त्याचे चालेना. माघ शुद्धातला दिवस ठरला, आणि नेमकी त्याच सुमारास गाडीच्या पोटातून घरघर ऐकू येऊ लागली.

प्रारंभी ती इतकी मंद होती की आम्हास तो रस्त्याचाच आवाज वाटला. गाडी ताशी तीसच्या पुढे गेली की कोठून तरी दूरवर विमान चालल्यासारखा घुमारा उठे; चाळीसच्या पुढे तो वाढे; गाडी थांबत आली की विरून जाई. पंधरवड्यात त्याचा स्वर चढला. घरातील प्रत्येकाने त्यास आपापली उपमा दिली. पुतण्या म्हणाला टायर, सूनबाई म्हणाल्या सायलेन्सर, नातू म्हणाला की गाडी म्हातारी झाली म्हणून घोरते. वहिनी मागल्या आसनावर उजव्या बाजूस बसतात. त्या म्हणाल्या, "जात्याच्या मधला खिळा झिजला, की वरची तळी अशीच ओढत फिरते. आणि गाडी डावीकडे वळली की मी इकडे दारावर आदळते ना, नेमकं तेव्हाच माझ्या बाजूनं दळण जोरात होतं."

वाचकहो, हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवावे. आम्ही ते ठेवले नाही.

आम्ही चौतीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविले. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावर आमचे विशेष प्रेम. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान आम्ही किती पिढ्यांच्या मुलांकडून घोकून घेतले असेल याची गणती नाही. पण खरोखरीचा धूर पाहून खरोखरीचा अग्नी शोधण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता. तेव्हा या घरघरीचे कारण शास्त्रशुद्ध रीतीने शोधावयाचे असे आम्ही मनाशी ठरविले, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण त्या निश्चयाने आमच्या अंगी एक प्रकारचे तारुण्य संचरले. अमुक असता तमुक असते हा अन्वय. अमुक नसता तमुक नसते हा व्यतिरेक. या दोन काठ्यांच्या आधाराने चालले म्हणजे मनुष्य खड्ड्यात पडत नाही, असे आम्ही वर्गात सांगत असू.

पुतण्या गाडी हाकी, आम्ही त्याच्या डाव्या अंगास वही घेऊन बसू. पहिला संशय इंजिनावर. बदलापूर ते अंबरनाथ या वाटेवर एका मोकळ्या पट्ट्यात गाडीस वेग आल्यावर आम्ही पुतण्यास गिअर काढून गाडी नुसती वाहू द्यावयास सांगितले. इंजिनाचा आवाज तत्काळ खाली बसला, घरघर मात्र तशीच राहिली. तेव्हा इंजिन निर्दोष. मागील आसाच्या मधोमध जी दात्यांची जोडी असते, ती कुरकुरू लागली तर ॲक्सिलरेटर दाबताना तिचा एक स्वर आणि सोडताना दुसरा, असे जाणते लोक सांगतात. आमच्या घरघरीस दाबल्याचे सुख नव्हते नि सोडल्याचे दुःख नव्हते. ब्रेक किंचित दाबून पाहिला. स्वर बदलला नाही. यावरून ब्रेकच्या पट्ट्याही सुटल्या.

राहिले टायर आणि चाकाच्या आतील बेअरिंग. या दोहोंचा घुमारा इतका सारखा असतो की भलेभले फसतात. पण टायर हा रस्त्याशी बोलतो, बेअरिंग आपल्याशीच बोलते. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गाडी गेली की टायरची भाषा पालटते. बेअरिंगला खाली काय आहे याची दादच नसते. आमच्या या भागात डांबर व काँक्रीट यांची ठिगळे एकापुढे एक अशी आहेत की या परीक्षेस दुसरीकडे जाण्याचे कारणच पडले नाही. नगररचनेच्या त्या उणिवेचे आम्ही प्रथमच आभार मानले. घरघर दोन्हीकडे एकाच पट्टीत. तरीही पुतण्याच्या समाधानासाठी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहिले. आवाजाने जागा सोडली नाही.

आवाज चाकाच्याच फेऱ्याशी बांधलेला आहे की काय, हेही आम्ही तपासले. टायरला सुतळी गुंडाळून परीघ मोजला. तो पावणेदोन ते दोन मीटरांच्या दरम्यान भरला. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदास 10 मीटर. अर्थात चाक सेकंदात पाच-सहा वेळा फिरते. टायरात खडा रुतून बसला असता तर फेऱ्यागणिक एक टकटक झाली असती, आणि गाडी माणसाच्या चालीने चालविली असता ती मोजता आली असती. आम्ही अंगणापासून रस्त्यापर्यंत गाडीच्या बरोबर चालत जाऊन कान दिला. टकटक नव्हती. शेजारच्या मंडळींनी मात्र गच्चीवरून आमचे हे शोभायात्रेसारखे चालणे पाहून घेतले.

तेव्हा बेअरिंग, येथपर्यंत आम्ही बिनचूक आलो होतो. आज मागे वळून पाहता एवढे श्रेय आम्ही आमच्याकडे राखून ठेवतो, कारण पुढे राखण्यासारखे काही उरत नाही.

कोणत्या चाकाचे बेअरिंग? पुढच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये एक आतले व एक बाहेरचे अशी दोन बेअरिंगे असतात; पोलादाची दोन कडी आणि त्यांच्यामध्ये फिरणारे पोलादी गोळे किंवा रूळ, आणि हे सारे ग्रीसमध्ये बुडालेले. सबंध गाडीचा भार त्या चिमूटभर पोलादावर फिरतो. ते झिजले म्हणजे प्रथम घुमते, मग खडखडते, मग तापते. आणि तरीही दुर्लक्ष केले तर एखाद्या दिवशी जखडते किंवा चाकच निसटण्याची पाळी येते. कशेडीच्या उतारावर हे घडल्यास काय, हा विचार रात्री आमच्या मनात येई आणि झोप लागत नसे. एका बाजूस वहिनींचा एकुलता एक हट्ट, दुसऱ्या बाजूस त्यांचाच जीव.

आवाज आम्हास डावीकडून येत असल्यासारखा वाटे. आणि गाडी डावीकडे वळली की तो वाढे, उजवीकडे वळली की निम्म्यावर येई. हे निरीक्षण अगदी खरे होते. आता अनुमान पाहा. डावीकडे वळताना भार डावीकडे जातो. ज्या चाकावर भार पडतो ते कण्हते. म्हणून दोष डाव्या चाकात. दृष्टान्त? सायकल. चौतीस वर्षे आम्ही शाळेत सायकलवरून गेलो-आलो. डावीकडे वळताना शरीर डावीकडे झुकते हे आमच्या हाडांना ठाऊक होते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, पाचही अवयव आम्ही पुतण्यास जेवणाच्या पानावर समजावून दिले. वहिनी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "पण भावोजी, मी तर उजवीकडे आदळते." आम्ही म्हणालो, "वहिनी, तुम्ही आदळता तो निराळा प्रश्न आहे." त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विषय सोडला.

गावातील एका गॅरेजात एक तरुण कारागीर आहे. त्यास आम्ही गाडी दिली ती दोष सांगूनच दिली. तो म्हणाला, "सर, चारही चाकं उचलून बघू का?" आम्ही म्हणालो, "पाहणे आमचे झाले आहे, तू डावे बदल." त्याने बदलले. जुने बेअरिंग कागदात गुंडाळून आमच्या हाती दिले. त्याचे ग्रीस किंचित करडे झाले होते, एवढ्यावरून आम्ही विजयी मुद्रेने ते पुतण्यास दाखविले. त्याच संध्याकाळी गाडी अंबरनाथच्या वाटेवर काढली आणि ताशी तीसच्या पुढे तीच घरघर, तोच स्वर.

यानंतर आम्ही जे केले ते लिहावे की न लिहावे याचा बराच विचार केला. पण ते वगळले तर ही हकीकत लिहिण्यात अर्थ नाही. आम्ही त्या तरुणाच्या गॅरेजात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्यास म्हणालो, की तू नवे बेअरिंग घातलेच नाहीस. जुनेच धुऊन बसविलेस आणि कोणाचे तरी टाकाऊ आमच्या हाती दिलेस. आमचे अनुमान चुकले असेल हा पर्याय आमच्या मनात आलाच नाही. त्यापेक्षा एक मनुष्य लबाड असणे आम्हास अधिक संभवनीय वाटले. तो काही बोलला नाही. त्याने हात पुसले, गल्ल्यातून मजुरीचे चारशे रुपये काढले आणि आमच्या हातावर ठेवले. आणि आम्ही ते घेतले.

पुतण्याच्या कचेरीतील एका गृहस्थांनी उल्हासनगरचा एक वृद्ध कारागीर सुचविला. फियाटच्या टॅक्सींवर ज्याची हयात गेली असा तो सिंधी गृहस्थ कॅम्प नंबर चारमध्ये अजून दोन तास दुकान उघडून बसतो, असे कळले. रविवारी आम्ही निघालो. वहिनी म्हणाल्या, "मीही येते, वाटेत अंबरनाथाचं दर्शन होईल." शके 982 चा शिलालेख ज्याच्या अंगावर आहे ते शिलाहारांचे देवालय वालधुनीच्या काठी उभे आहे, तेथे नंदीपाशी बसून वहिनींनी डोळे मिटले. आम्ही गाडीचाच विचार करीत होतो.

उल्हासनगरास नवख्या माणसाने पत्ता शोधणे ही एक तपश्चर्याच होय. महायुद्धाच्या काळी येथे कल्याण कॅम्प नावाची लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या सुमारे लाखभर लोकांना सरकारने त्या बरॅकींमध्ये आसरा दिला, आणि सन 1949 च्या ऑगस्टमध्ये राजाजींच्या हस्ते नगराची कोनशिला बसून त्याचे नाव उल्हासनगर झाले. तरी लोकांच्या तोंडी अद्याप 'कॅम्प'च आहे. ज्यांच्यापाशी अंगावरच्या वस्त्रांखेरीज काही नव्हते त्यांनी हाताला जे काम येईल ते शिकून घेतले. मोडलेली वस्तू टाकून द्यावयाची नसते, ही समजूत त्या गल्ल्यांत अजून आढळते.

चाचा (सारेजण त्यांस याच नावाने हाक मारीत) पंच्याहत्तरीच्या घरातले, अंगाने सडपातळ, डोळे तीक्ष्ण. आम्ही घरघरीचे वर्णन करावयास प्रारंभ केला. ते आमच्या ओठांकडे पाहत राहिले. शेजारच्या पोऱ्याने सांगितले, "जोर से बोलो, चाचा को सुनाई नहीं देता." तरुणपणी वर्षानुवर्षे डिझेल इंजिनांच्या शेजारी काम करून त्यांचे दोन्ही कान गेले होते. आवाजाचे निदान करावयास आम्ही बहिऱ्या माणसाकडे आलो होतो! पुतण्याने आमच्याकडे जो कटाक्ष टाकला तो आम्ही पाहिला नाही असे दाखविले.

चाचांनी गाडीत बसून पाहण्याची तसदीही घेतली नाही. जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे घातले आणि पुढचे डावे चाक अधांतरी केले. प्रथम वरखाली धरून हलविले, मग आडवे धरून हलविले. नंतर एका हाताने चाकास गिरकी दिली आणि दुसऱ्या हाताचा तळवा आतील स्प्रिंगवर ठेवून डोळे मिटले. वैद्याने नाडी पाहावी तसा तो प्रकार होता. थोड्या वेळाने त्यांनी मान हलविली आणि मिटल्या डोळ्यांनीच "नया है, अच्छा है" असे म्हटले. आमच्या पोटात कसेसेच झाले. 'नया है' या दोन शब्दांत त्या गॅरेजातील तरुणाची निर्दोष मुक्तता होती.

मग उजवे चाक. गिरकी, तळवा, आणि चाचा लगेच हसले. त्यांनी आमचे मनगट धरले, आमचा तळवा स्प्रिंगवर ठेवला आणि चाक फिरविले. कानाला जेमतेम खरखर लागत होती. परंतु तळव्याखाली जणू बारीक वाळू चालली होती. डाव्या चाकावर पुन्हा हात ठेवून पाहिला तर लोण्यासारखे निर्मळ. दोहोंतला भेद सांगावयास कोणत्याही शास्त्राची गरज नव्हती. गाडीच्या आत बसले म्हणजे सारा पत्रा मिळून वाजतो, आणि आवाज कोठूनही आल्यासारखा भासतो. त्यातून आम्ही नेहमी डाव्या आसनावर. कानाचा साक्षीदार मूळचाच फितूर होता.

पण वळणाचे काय? आम्ही हातवारे करून विचारले, की डावीकडे वळताना आवाज वाढतो, तर उजवे चाक कसे? चाचांनी आम्हास आपादमस्तक न्याहाळले आणि मोठ्याने विचारले, "मास्तरजी, सायकिल चलाते थे क्या?"

आम्ही होय म्हणालो.

"सायकिल अंदर झुकती है, गाडी बाहर."

सायकलस्वार वळणाच्या आत झुकतो तो आपण होऊन, तोल सांभाळण्यासाठी. गाडी बिचारी सरळच जाऊ पाहत असते. चाके तिला डावीकडे ओढतात, आणि तिचे धूड उजवीकडे कलते. डाव्या वळणावर भार पडतो तो उजव्या चाकांवर. एसटीच्या गाडीत उभा राहून प्रवास केलेल्या कोणत्याही मनुष्यास हे ठाऊक असते, आम्हासही होते. पण ते ज्ञान एका खणात आणि सायकल दुसऱ्या खणात, आणि आम्ही उघडला तो चुकीचा खण. हेतू सव्यभिचारी नव्हता, व्याप्तीही ठीक होती. दृष्टान्तच भलत्या जातीचा घेतला होता. वर्गात एखाद्या मुलाने असे केले असते तर आम्ही त्यास बाकावर उभे केले असते.

गाडीचे दार उघडे होते. वहिनी आत बसून सारे पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी बोलावे म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहण्याचेही टाळले. आप्तवाक्य हे प्रमाण आहे, असे आम्ही शिकविले. जो यथार्थ जाणतो आणि यथार्थ सांगतो तो आप्त. जी बाई वळणागणिक दारावर आदळत होती आणि जिने लहानपणापासून जाते ओढले होते, तिच्याहून या विषयात अधिक आप्त कोण असणार होते?

चाचांनी हब उघडला. आतील ग्रीस दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे झाले होते. बेअरिंग घासलेटात धुऊन त्यांनी कडे आमच्यापुढे धरले. आतील चकचकीत पोलादावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते. चाचा म्हणाले, "पानी." गाडी पाण्यात होती काय, असे त्यांनी हाताने पोटरीपर्यंत खूण करून विचारले.

होती. तोवर आम्हास हे आठवलेच नव्हते! त्याच वर्षी 26 जुलैच्या रात्री उल्हास नदी चढली, आणि 27 तारखेस बदलापूर ते वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक उतारूंची सुटका करावी लागली. त्या दिवशी आमच्याही अंगणात पाणी आले होते. घरातील धान्य आणि दादांची पुस्तके वर चढविण्याच्या गडबडीत गाडीकडे कोणी पाहिले नाही. अंगणास उजवीकडे, गटाराच्या बाजूस उतार आहे. भिंतीवरील पाण्याची रेघ पुढे आम्ही मोजून पाहिली: डाव्या चाकाचा मध्य रेघेच्या किंचित वर, उजव्याचा चांगला चार बोटे खाली. पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, इंजिन चालू झाले म्हणून आनंद मानला, आणि हबमध्ये शिरलेले पाणी तीन महिने ग्रीसला खात बसले. ज्याची गाडी पुरात उभी राहिली असेल त्याने चाके उघडून ग्रीस बदलून घ्यावे, ही गोष्ट चाचांनी आम्हास तीन वेळा सांगितली. आम्ही ती वाचकांस एकदा सांगतो.

बंद पडलेल्या गाडीचे सुटे भाग मिळणार कोठे, ही चिंता आम्ही बोलून दाखविली. चाचांनी बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक बोटाने दाखविला. "गाडी बंद हुई, नंबर बंद नहीं हुआ." बेअरिंगांची मापे ठरलेली असतात, आणि तोच क्रमांक दुसऱ्या कशात तरी चालूच असतो. पुतण्याने दुसऱ्याच दिवशी मुंबईस नागदेवी स्ट्रीटवरून आतले, बाहेरचे आणि ऑइल सील असे सारे आणले. चाचांनी नवे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगमध्ये इतके दाबून भरले की ते पलीकडून बाहेर आले. मग नट आवळला, चाक फिरविले, नट किंचित सैल केला, पुन्हा फिरविले, आणि कॉटर पिन घातली. फार आवळले तर तापते, फार सैल ठेवले तर डुलते. "सौ किलोमीटर चलाके वापस लाना," असे बजावून त्यांनी आमची बोळवण केली.

परतीच्या वाटेवर गाडी मुकी झाली होती. इतकी, की घड्याळाची टिकटिकही ऐकू यावी.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले असे सांगतात. त्या गावात शिरताच आम्ही पुतण्यास गाडी गॅरेजापाशी उभी करावयास सांगितली. त्या तरुणापुढे चारशे रुपये ठेवले आणि, पूर्वीप्रमाणेच चार गिऱ्हाइकांदेखत, चूक आमची होती असे सांगितले. शब्द सहज आले असे नाही. पन्नाशी-साठीपर्यंत दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने खुणा करण्यात आयुष्य गेले म्हणजे स्वतःच्या चुकीसाठी वाक्यरचना सापडत नाही. तो म्हणाला, "सर, मी तेव्हाच चारही चाकं बघायला हवी होती. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही बघितली." मग थोडा थांबून त्याने विचारले, "कसं ओळखलं त्यांनी?" आम्ही त्यास तळव्याची युक्ती सांगितली. त्याने तेथल्या तेथे, जॅकवर चढविलेल्या एका गाडीच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरविले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. शंभर किलोमीटरांनंतरची तपासणी आम्ही उल्हासनगरास न जाता त्याच्याकडूनच करविली.

वहिनींची क्षमा मागणे राहिले होते. दोन दिवस आम्ही शब्द जुळवीत होतो. अखेर सकाळी त्या निवडण-टिपण करीत बसल्या असता आम्ही जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, तुम्ही म्हणत होता ते खरे होते." त्या सुपातून मान न उचलता म्हणाल्या, "कोणतं हो? मी रोज इतकं म्हणत असते."

माघ शुद्ध पंचमीस पहाटे आम्ही निघालो. वाकणपाशी महामार्ग लागला, महाडास फराळ झाला, आणि पोलादपूर सोडल्यावर कशेडीचा घाट सुरू झाला. वळणामागून वळण. पुतण्या सावकाश हाकीत होता. आम्ही काच खाली करून, डोके किंचित बाहेर काढून कान लावून बसलो होतो. प्रत्येक डाव्या वळणावर श्वास आपोआप रोखला जाई. मागे वहिनी दारावर कलत आणि पुन्हा सावरून बसत.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय का काही?"

"नाही, वहिनी."

"मग काच वर करा. मला वारा लागतोय."